विश्लेषण : ‘बालगंधर्व’ला या रविवारी काय आहे? नाटकाच्या एका तारखेमागचे गणित

आवडत्या नाटकाचा पुढचा प्रयोग आठ-दहा दिवस आधीच का कळतो? रविवारची दुपार सगळ्यांनाच का हवी असते? तिकीट पाचशे रुपयांवर का अडते? आणि नाट्यगृह बंद पडले तर नेमके कोणाचे नुकसान होते?

‘शनि. रात्रौ ९.३० यशवंतराव चव्हाण, रवि. दु. १२.३० बालगंधर्व, रवि. सायं. ५.३० रामकृष्ण मोरे’. पुण्यातल्या नाट्यरसिकाला ही भाषा समजावून सांगावी लागत नाही. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर चौकटीला चौकट लावून येणाऱ्या या ओळी आता मोबाइलवर, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात. ‘रविवारी काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत मिळते. पण ती ओळ जुळवण्यासाठी नाट्यगृहाचे व्यवस्थापन, निर्माता, पाच-सहा कलाकार, पडद्यामागचे दहा-पंधरा कामगार आणि नाटकाची बस अशा सगळ्यांचा ताळमेळ बसावा लागतो. यातला एक दुवा निसटला तर जाहिरात लागत नाही आणि लागलेली असेल तर मागे घ्यावी लागते.

नाटक पाहणाऱ्याला तिकिटाची किंमत दिसते, तारखेची दिसत नाही. मराठी रंगभूमीवर मात्र भांडण बहुतेक वेळा तारखेचेच असते.

‘तारीख’ म्हणजे नेमके काय?

नाट्यव्यवसायात ‘तारीख’ म्हणजे नाट्यगृहाचे एका दिवसातील एक सत्र. पुण्यात नाटकाच्या प्रयोगांच्या रूढ वेळा दुपारी १२.३०, सायंकाळी ५.३० आणि रात्री ९.३० अशा आहेत. म्हणजे एका दिवशी एका रंगमंचावर जास्तीत जास्त तीन प्रयोग. सकाळच्या सत्रात शाळांची संमेलने, पुस्तक प्रकाशने, सत्कार किंवा मेळावे होतात.

आता साधा हिशेब करू. महिन्यात चार शनिवार-रविवार धरले तर आठ दिवस होतात. दिवसाला तीन सत्रे म्हणजे एका नाट्यगृहाकडे सुटीच्या दिवसांची चोवीस सत्रे आली. त्यातही शनिवारची रात्र आणि रविवारची दुपार व संध्याकाळ यांनाच खरी मागणी असते. रविवारी रात्री साडेनऊला सुरू झालेले नाटक बाराच्या सुमारास संपते आणि सोमवारी सकाळी कामावर जायचे असते, त्यामुळे अनेक जण ते टाळतात. म्हणजे ज्यांवर निर्माता डोळे झाकून पैसे लावेल अशा तारखा महिन्याला एका नाट्यगृहात बारा-पंधराच उरतात. रंगभूमीवर चालू असलेली सगळी नाटके याच तारखांच्या रांगेत उभी असतात.

तारखा कोण वाटते?

महाराष्ट्रातील बरीच मोठी नाट्यगृहे महापालिकांच्या मालकीची आहेत. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर, कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आणि अण्णा भाऊ साठे सभागृह पुणे महापालिका चालवते. चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह पिंपरी-चिंचवड महापालिकेचे आहे. मुंबईत विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, मुलुंडचे कालिदास आणि बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह मुंबई महापालिकेकडे आहे, तर ठाण्याचे गडकरी रंगायतन ठाणे महापालिकेकडे. दादरचे शिवाजी मंदिर, पुण्यातील भरत नाट्य मंदिर आणि टिळक स्मारक मंदिर यांचा कारभार संस्था पाहतात.

पालिकेच्या नाट्यगृहांत साधारणपणे पुढच्या काही महिन्यांच्या तारखांचे वाटप एकदम केले जाते. निर्मात्या संस्था अर्ज करतात आणि सुटीच्या दिवसांतील ठरावीक सत्रे नाटकांसाठी राखली जातात. उरलेल्या तारखा सांस्कृतिक संस्था, शाळा, नृत्यवर्ग, वाद्यवृंद आणि इतर कार्यक्रमांना मिळतात. भाड्याचे दरही वेगवेगळे असतात. तिकीट लावून होणाऱ्या नाटकाला तुलनेने कमी आणि खासगी किंवा राजकीय कार्यक्रमाला जास्त, असे सर्वसाधारण सूत्र आहे. पालिकेने नाट्यगृह बांधले ते नाटकासाठी, अशी त्यामागची भूमिका.

पेच इथेच सुरू होतो. वाटप आधी होते आणि नाटकाचे नशीब नंतर ठरते. घेतलेल्या तारखेपर्यंत नाटक बंद पडू शकते, कलाकार बदलू शकतो, कलाकाराचे चित्रीकरण लांबू शकते. अशा वेळी तारीख परत केली जाते किंवा दोन निर्माते आपसात अदलाबदल करतात. ही अदलाबदल व्यवसायाची गरज आहे, असे निर्माते सांगतात. काही जण गरजेपेक्षा जास्त तारखा अडवून ठेवतात आणि आयत्या वेळी त्या दुसऱ्याच्या पदरात टाकतात, अशी तक्रारही तितकीच जुनी आहे. नव्या निर्मात्याच्या वाट्याला मग मंगळवारची दुपार येते.

प्रयोग इतक्या उशिरा का जाहीर होतो?

सिनेमाची एक प्रत शेकडो पडद्यांवर एकाच वेळी चालते. नाटकाची ‘प्रत’ म्हणजे त्यातली माणसे असतात आणि ती एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतात. म्हणून नाटकाचे वेळापत्रक लावणे हे अटींचे कोडे आहे. नाट्यगृह रिकामे हवे, सर्व कलाकार मोकळे हवेत, प्रकाशयोजना आणि संगीत सांभाळणारे तंत्रज्ञ दुसऱ्या नाटकाला गेलेले नसावेत, नेपथ्य वाहून नेणारी बस वेळेत पोहोचावी आणि त्याच दिवशी शेजारच्या नाट्यगृहात आपल्याच प्रेक्षकाला ओढणारे दुसरे मोठे नाटक नसावे. या पाच अटी एकाच वेळी पाळणारी उत्तरे फार थोडी असतात.

सर्वांत अवघड अट कलाकारांची. मराठी नाटकातील अनेक नट-नट्या दैनंदिन मालिकांतही काम करतात. मालिकेचा भाग रोज प्रसारित होतो, त्यामुळे तिथले चित्रीकरण पुढे ढकलता येत नाही. शनिवार-रविवार नाटकासाठी मोकळे ठेवण्याचे आधी ठरलेले असले, तरी मालिकेत लग्नाचा किंवा मोठ्या वळणाचा प्रसंग आला की चित्रीकरण रविवारी सरकते. चार पात्रांच्या नाटकात दोघे मालिकेत असतील तर निर्मात्याला दोन वेगळ्या निर्मिती संस्थांच्या होकाराची वाट पाहावी लागते. हा होकार येईपर्यंत जाहिरात अडते. कमी पात्रांची नाटके वाढण्यामागे खर्चाइतकेच हेही कारण आहे.

दुसरी अट अंतराची. बस एकदा मुंबईहून निघाली की पुण्याला एकच प्रयोग करून परत येणे परवडत नाही. म्हणून सुरुवातीला दिलेल्या जाहिरातीसारखी साखळी लावली जाते : शनिवारी रात्री कोथरूड, रविवारी दुपारी बालगंधर्व, संध्याकाळी चिंचवड. वाहतूक आणि मुक्कामाचा खर्च तीन प्रयोगांत वाटला जातो. या साखळीतली एक तारीख हुकली तरी कधी कधी पूर्ण दौरा रद्द करावा लागतो. बालगंधर्वमधली रविवार दुपार मिळाली नाही, तर चिंचवडच्या प्रेक्षकालाही ते नाटक दिसत नाही.

साडेबारा ते साडेपाच : पडद्यामागे काय घडते?

साडेबाराला सुरू झालेले दोन अंकी नाटक मध्यंतरासह तीनच्या सुमारास संपते. प्रेक्षक दाराबाहेर पडत असतानाच आत भिंती निघू लागतात. सोफा, खिडक्या, जिना, दिव्यांच्या तारा, ध्वनिक्षेपक असे सगळे उतरवून बसमध्ये भरायला तास जातो. म्हणजे चार वाजले. साडेपाचच्या नाटकाच्या हाती उरला दीड तास. त्यात त्यांचे नेपथ्य उभे करायचे, दिवे टांगून त्यांचे कोन ठरवायचे, ध्वनी तपासायचा आणि पाचच्या सुमारास प्रेक्षकांना आत सोडायचे.

पहिले नाटक वीस मिनिटे उशिरा सुरू झाले, तर तो उशीर पुढच्या दोन्ही प्रयोगांपर्यंत पोहोचतो. सकाळच्या सत्रातला सत्कार पाहुणे उशिरा आल्यामुळे लांबला, तरी तेच घडते. तिसऱ्या घंटेला पडदा उघडणे ही मराठी रंगभूमीची शिस्त. ती पाळली जाते की नाही, हे अनेकदा आधीच्या सत्रातील वक्त्याच्या हाती असते.

हे काम करणारे रंगमंच कामगार बहुतेक प्रयोगागणिक पैसे घेतात. व्यवसायाच्या भाषेत त्याला ‘नाइट’ म्हणतात. कलाकाराचीही नाइट असते आणि नेपथ्य उभारणाऱ्याचीही. प्रयोग झाला तर नाइट मिळते, रद्द झाला तर बहुतेक वेळा त्या दिवसाची कमाई बुडते. त्यामुळे तारखेचा प्रश्न हा निर्मात्याच्या नफ्यापुरता राहत नाही.

एका प्रयोगाचे अर्थकारण कसे चालते?

नाट्यगृहाचे भाडे, वातानुकूलनाचा आकार, कलाकार आणि कामगारांच्या नाइट, बस, जाहिरात, तिकीट विक्रीचे कमिशन, चहा-जेवण. यातला जवळपास सगळा खर्च प्रेक्षक किती आले यावर अवलंबून नसतो. शंभर जण आले तरी तेवढाच आणि नऊशे आले तरी तेवढाच.

केवळ समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा नाट्यगृहात विक्रीयोग्य ९०० आसने आहेत आणि सरासरी तिकीट ३०० रुपये आहे. प्रयोग ‘हाऊसफुल्ल’ झाला तर गल्ला २ लाख ७० हजार रुपये. चाळीस टक्केच आसने भरली तर तो १ लाख ८ हजारांवर येतो. खर्च समजा दीड लाख असेल, तर पहिल्या प्रयोगात १ लाख २० हजार सुटतात आणि दुसऱ्यात ४२ हजार खिशातून जातात. याचा अर्थ एक भरलेला रविवार साधारण तीन रिकामे मंगळवार पेलू शकतो. रविवार मिळालाच नाही, तर नाटक कितीही चांगले असले तरी पाचव्या-सहाव्या प्रयोगाला दमते.

म्हणूनच निर्माते ‘कॉन्ट्रॅक्ट’च्या प्रयोगांकडे आशेने पाहतात. यात एखादी संस्था, बँक किंवा स्थानिक आयोजक ठरावीक रक्कम देऊन पूर्ण प्रयोगच विकत घेतो. तिकिटे विकण्याची जोखीम त्याची. निर्मात्याचे उत्पन्न आधीच ठरलेले असते. नगर, नाशिक, सांगली, कोल्हापूरसारख्या शहरांतील अनेक प्रयोग या पद्धतीने होतात.

टाळेबंदीने हे गणित किती नाजूक आहे ते दाखवून दिले. मार्च २०२०मध्ये नाट्यगृहे बंद झाली. ५ नोव्हेंबर २०२०पासून, म्हणजे मराठी रंगभूमी दिनापासून, राज्यात ती पन्नास टक्के क्षमतेने उघडण्यास परवानगी मिळाली. परवानगी मिळाली तरी प्रयोग लगेच सुरू झाले नाहीत, कारण अर्ध्या आसनांत पूर्ण खर्च निघत नव्हता. दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलपे लागली आणि ती २२ ऑक्टोबर २०२१ला निघाली. या काळात पडद्यामागच्या कामगारांची घरे मदतनिधी आणि शिधावाटपावर चालली.

तिकीट पाचशेवरच का थांबते?

मराठी नाटकांच्या जाहिरातीत सर्वांत महाग तिकीट बहुधा ५०० रुपयांचे दिसते. प्रेक्षकाची ऐपत हे एक कारण. दुसरे कारण करात आहे. नाटक, नृत्य, सर्कस अशा कार्यक्रमांच्या प्रवेशशुल्काला माणशी ५०० रुपयांपर्यंत वस्तू व सेवा कर लागत नाही. जीएसटी लागू झाला तेव्हा ही मर्यादा २५० रुपये होती. जानेवारी २०१८मध्ये ती दुप्पट झाली.

ही सूट टप्प्याटप्प्याची नाही. तिकीट ६०० रुपये ठेवले तर वरच्या शंभरावर नव्हे, पूर्ण सहाशेवर कर लागतो. त्यामुळे पाचशेच्या थोडे वर जाण्यात निर्मात्याचा फारसा फायदा नसतो. जायचेच तर बरेच वर जावे लागते आणि ते मोठे नाव असलेल्या नाटकालाच जमते. ऑनलाइन तिकीट काढताना दिसणारे सेवाशुल्क आणि त्यावरचा कर हा मात्र तिकिटापेक्षा वेगळा असतो. खिडकीवर जाऊन तिकीट काढले तर तो वाचतो.

महिनाभरात नाटकाखेरीज काय काय असते?

बालगंधर्व रंगमंदिराच्या फलकावर महिनाभर नजर ठेवली, तर पुण्याच्या सांस्कृतिक आयुष्याचा नकाशा दिसतो. व्यावसायिक नाटके आणि संगीत नाटके तर असतातच. त्याखेरीज जुन्या चित्रपटगीतांचे वाद्यवृंद, भावगीतांच्या मैफली, कथक आणि भरतनाट्यमचे कार्यक्रम, एकपात्री, जादूचे प्रयोग आणि शाळा-महाविद्यालयांची संमेलने.

लावणीची या रंगमंचावर स्वतंत्र परंपरा आहे. संगीतबारी आणि तमाशाच्या फडांतली ही कला तिकीट लावून शहरी नाट्यगृहात स्थिरावली, त्यात बालगंधर्वचा वाटा मोठा आहे. केवळ महिला प्रेक्षकांसाठीचे लावणीचे प्रयोगही इथे होतात. आठवड्याच्या मधल्या वारांना नाट्यगृह चालते राहते ते अशा कार्यक्रमांमुळे.

वर्षाचेही एक चक्र आहे. एप्रिल-मेच्या सुटीत बालनाट्ये वाढतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक स्पर्धेचा जल्लोष असतो. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३पासून चालवलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा म्हणजे मराठी रंगभूमीची भरतीशाळाच. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मध्यवर्ती पुण्यात वाहन नेणे अवघड असते आणि नाटकाचा प्रेक्षकही मंडपांत असतो. दिवाळीत भल्या पहाटेच्या मैफलींना नाट्यगृहे भरतात. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा आल्या की कुटुंबासह येणारा प्रेक्षक घटतो. नवे नाटक कधी आणायचे, हे निर्माता या चक्राकडे पाहून ठरवतो.

नवे नाटक थेट रंगमंचावर येऊ शकते का?

नाही. महाराष्ट्रात तिकीट लावून होणाऱ्या नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. मंडळाचे प्रमाणपत्र मिळाले की प्रयोगाचा मार्ग मोकळा होतो. सिनेमात पूर्ण झालेला चित्रपट पाहून प्रमाणपत्र मिळते, नाटकात लिहिलेला मजकूर वाचून. प्रयोगागणिक बदलणाऱ्या कलेसाठी हे कितपत योग्य, हा वाद जुना आहे. विजय तेंडुलकर यांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२मध्ये याच कात्रीत सापडले होते. दिग्दर्शक-निर्माते कमलाकर सारंग यांनी तो लढा उच्च न्यायालयापर्यंत नेला.

अ‍ॅपवरून वाद का झाला?

तारखांचे वाटप कागदावर आणि ओळखीवर चालते, हा आरोप संपवायचा तर आरक्षण ऑनलाइन करावे, असा विचार पुढे आला. पुणे महापालिकेने त्यासाठी ‘रंगयात्रा’ नावाचे अ‍ॅप आणले. कोणती तारीख मोकळी आहे, हे सर्वांना एकाच वेळी दिसेल आणि पैसे तिथेच भरता येतील, ही कल्पना. नाट्यव्यावसायिकांनी मात्र त्यावर आक्षेप घेतले.

पाहणाऱ्याला हा पारदर्शकतेला विरोध वाटू शकतो. पण अडचण समजून घ्यायला हवी. ‘जो आधी येईल त्याला आधी’ या नियमात सर्व अर्जदार सारखे असतात. वाढदिवसाचा कार्यक्रम करणारा आणि वर्षभर प्रयोग करणारी नाट्यसंस्था यांत संगणक फरक करत नाही, जोपर्यंत तो फरक करायला त्याला सांगितले जात नाही. शिवाय वर पाहिल्याप्रमाणे नाटकाची तारीख एकटी नसते, ती साखळीत असते. आयत्या वेळची अदलाबदल हा या व्यवसायाचा श्वास आहे आणि साध्या आरक्षण प्रणालीत तिला जागा नसते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जुन्या पद्धतीत नव्या मुलांच्या संस्थेला रविवार मिळवण्यासाठी कोणाच्या तरी शब्दाची गरज लागते. कोणाला किती तारखा मिळाल्या, त्यातल्या किती वापरल्या, किती परत आल्या, ही यादी लोकांसमोर नसते. नाटकांसाठी राखीव सत्रे, अदलाबदलीचे लेखी नियम आणि वाटपाची जाहीर यादी या तिन्ही गोष्टी एकाच प्रणालीत बसू शकतात. तंत्रज्ञान त्यासाठी पुरेसे आहे. प्राधान्य कोणाला द्यायचे, हा निर्णय मात्र माणसांनी आधी घ्यावा लागतो.

ठरलेला प्रयोग रद्द का होतो?

कलाकाराची प्रकृती, बस अडकणे, वीज जाणे ही नेहमीची कारणे. त्याखेरीज एक कारण प्रेक्षकाला चटकन कळत नाही. निवडणुका जाहीर झाल्या की कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी मोठी सभागृहे लागतात आणि पालिकेची नाट्यगृहे हाताशी असतात. शासकीय कार्यक्रमांसाठीही दिलेली तारीख काढून घेण्याची तरतूद असते. प्रयोगाचे भाडे परत मिळते, पण जाहिरातीचा खर्च, इतरत्र नाकारलेली तारीख आणि तुटलेली साखळी यांची भरपाई नसते.

बालगंधर्व पाडले तर?

ज्येष्ठ गायक-नट बालगंधर्व यांच्या हस्ते ८ ऑक्टोबर १९६२ला या वास्तूचे भूमिपूजन झाले. रंगमंदिर कसे असावे, यात पु. ल. देशपांडे यांनी बारकाईने लक्ष घातले होते. १५ जुलै १९६७ला बालगंधर्वांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी, त्यांच्या जन्मदिनी २६ जून १९६८ला, रंगमंदिर खुले झाले. आपल्या नावाच्या रंगमंचावर पडदा उघडताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. गोपाळ देऊसकर यांनी रंगवलेली त्यांची चित्रे तिथे आहेत.

गेली काही वर्षे या वास्तूच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव चर्चेत आहे. जुनी इमारत पाडून तिथे एकाहून अधिक रंगमंच असलेले संकुल उभारावे, असा एक विचार. वाहनतळ अपुरा आहे, यंत्रणा जुनी झाली आहे, स्वच्छतागृहांबद्दल तक्रारी आहेत आणि तारखा कमी पडतात, हे त्यामागचे मुद्दे. दोन रंगमंच झाले तर रविवारच्या तारखा दुप्पट होतील, हे वर मांडलेल्या हिशेबात सरळ दिसते. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की ही वास्तू चांगल्या स्थितीत आहे, दुरुस्ती करा, पाडू नका. बांधकाम रेंगाळले तर त्या वर्षांत प्रयोग कुठे होणार, हा त्यांचा खरा प्रश्न आहे.

ही भीती निराधार नाही. मुंबईत परळचे १९२२पासूनचे दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी २०२३मध्ये बंद झाले, तेव्हा गिरणगावातल्या झिलू-नमन आणि कामगार रंगभूमीच्या हक्काच्या जागेचा प्रश्न उभा राहिला. कोल्हापुरात ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या या वास्तूला आग लागली ती केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शहराने रडून घेतले आणि लगेच पुनर्बांधणीची मागणी केली. त्या शहरात दौऱ्यावर येणाऱ्या नाटकांची साखळी मात्र त्याच रात्री तुटली.

पुण्याने नाट्यगृहे जाताना याआधीही पाहिली आहेत. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८०ला झाला, ते आनंदोद्भव नाट्यगृह आता फक्त इतिहासाच्या पुस्तकांत सापडते.

तिकीट काढताना हे लक्षात ठेवा

* जाहिरात शेवटपर्यंत वाचा. एकाच नाटकाचे दोन दिवसांत तीन ठिकाणी प्रयोग असतात. ‘रविवार’ एवढेच पाहून तिकीट काढले तर बालगंधर्वऐवजी चिंचवडला पोहोचण्याची वेळ येते.

* ‘प्लॅन’ कधी उघडतो ते पाहा. आसनांची विक्री सुरू होण्याला आजही ‘प्लॅन उघडणे’ म्हणतात. गाजणाऱ्या नाटकाच्या पुढच्या रांगा पहिल्या दिवशीच संपतात.

* ऑनलाइन नकाशा पूर्ण असेलच असे नाही. काही रांगा खिडकीवरच्या विक्रीसाठी किंवा संस्थांसाठी राखलेल्या असतात. मोबाइलवर ‘फुल्ल’ दिसले तरी खिडकीवर एकदा विचारावे.

* सर्वांत पुढची रांग म्हणजे सर्वांत चांगली जागा नव्हे. रंगमंच उंच असतो, मान वर करून पाहावे लागते. नृत्य पाहायचे असेल तर पावलांच्या हालचाली दिसतील अशी मधली रांग किंवा बाल्कनीची पुढची रांग बरी.

* वयोमर्यादा आणि कालावधी विचारून घ्या. लहान मुलांना प्रवेश आहे का, हे नाटकागणिक बदलते.

* वेळेआधी वीस मिनिटे पोहोचा. जंगली महाराज रस्त्यावर रविवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधण्यातच पहिला प्रवेश निघून जातो.

* मोबाइल बंद ठेवा. चालू प्रयोगात फोन वाजल्याने कलाकारांनी नाटक थांबवल्याचे प्रसंग घडले आहेत. पडद्याचा उजेडही रंगमंचावरून दिसतो.

* एखादे नाटक मधल्या वारी पाहून बघा. नव्या संस्थांचे, अनोळखी नटांचे प्रयोग बहुधा तेव्हाच असतात. तिकीट सहज मिळते, जागा चांगली मिळते. आणि वरच्या हिशेबात ज्या ४२ हजारांचा खड्डा पडला, तो थोडा तरी बुजतो.